व्हीसेंटर सर्व्हरवरील अलार्मांची फेररचना: एक अनुभव

व्हीसेंटर सर्व्हर, म्हणजे व्हीएमवेअरच्या व्हर्च्युअल मशीन्स आणि त्या चालवणारी यंत्रे (होस्ट) यांचा कारभार एका जागेवरून पाहणारा सर्व्हर, नव्याने बसवला की त्याच्यासोबत अलार्मांच्या कितीतरी व्याख्या तयारच येतात. होस्टचा संपर्क तुटणे, सीपीयू आणि मेमरीचा वापर वाढणे, डेटास्टोअर (मशीन्सच्या फायलींची साठवण) भरत येणे, नेटवर्कची पर्यायी जोडणी जाणे, प्रमाणपत्राची मुदत संपत येणे, असे बहुतेक महत्त्वाचे प्रसंग त्यांत धरलेले असतात आणि त्या पहिल्या दिवसापासून चालूही असतात. त्यामुळे या सर्व्हरच्या देखरेखीचे काम माझ्याकडे आले तेव्हा अलार्म नाहीत असे म्हणायला जागाच नव्हती. इन्व्हेंटरीच्या यादीत ठिकठिकाणी पिवळी आणि लाल चिन्हे दिसत होती, त्यांतली काही कित्येक आठवडे तशीच होती, आणि रोज त्या पडद्यावर काम करणाऱ्या कोणाचेही लक्ष त्यांच्याकडे जात नव्हते. एकाही व्याख्येला कृती जोडलेली नव्हती. इशारा क्लायंट, म्हणजे व्हीसेंटरचा कामाचा पडदा, उघडणाऱ्यालाच दिसे, आणि क्लायंट उघडणारा माणूस बहुधा दुसऱ्याच कामासाठी तिथे आलेला असे.

मला सांगितलेले काम एका वाक्याचे होते: काही बिघडले तर मेल आला पाहिजे. हे वाक्य शब्दशः अमलात आणणे अवघड नव्हते. पॉवर-सीएलआयमधून (व्हीसेंटरला स्क्रिप्टने आज्ञा देण्याचे साधन) सगळ्या व्याख्या वाचायच्या आणि प्रत्येकीला एकच पत्ता जोडायचा, एवढी स्क्रिप्ट कोणीही लिहू शकेल. पण असा मेलचा लोंढा सुरू झाला की लोक मेलपेटीत नियम लावून तो सगळा एका बाजूच्या फोल्डरमध्ये वळवतात, आणि मग परिस्थिती पूर्वीइतकीच वाईट होते, फक्त आता आपण देखरेख करतो असा समज तयार झालेला असतो. म्हणून मी प्रत्येक अलार्मपुढे दोन प्रश्न ठेवायचे ठरवले: हा इशारा कोणाकडे जाणार, आणि तो मिळाल्यावर ती व्यक्ती नेमके काय करणार. ज्या अलार्मसाठी या दोन प्रश्नांची उत्तरे मिळणार नाहीत त्याची व्याख्या राहू द्यायची, पडद्यावर त्याचे चिन्हही दिसू द्यायचे, पण त्याला मेल जोडायचा नाही.

सुरुवात मेलच्या वाटेपासून केली, कारण ती पक्की झाल्याशिवाय पुढच्या कशालाच अर्थ नव्हता. व्हीसेंटरच्या 'कॉन्फिगर' पानावर 'जनरल' या विभागात मेल सर्व्हरचे नाव आणि प्रेषकाचा पत्ता भरावा लागतो. आवृत्ती ७.० अपडेट १ पासून युजरनेम आणि पासवर्ड देऊन मेल पाठवण्याचीही सोय आहे, पण आमच्याकडे आतल्या रिले सर्व्हरमार्फतच (मेल पुढे पोहोचवणारा सर्व्हर) मेल जात असल्यामुळे तिची गरज पडली नाही. गरज होती ती दोन गोष्टींची. रिलेच्या परवानगीच्या यादीत व्हीसेंटरचा आयपी पत्ता असायला हवा होता, आणि प्रेषकाचा पत्ता पूर्ण, खऱ्या डोमेनसह असायला हवा होता, कारण अर्धवट पत्त्याचे मेल अनेक रिले सरळ नाकारतात.

वाट तपासण्यासाठी मी एक लहानशी व्हर्च्युअल मशीन तयार केली आणि फक्त तिच्यावर एक अलार्म बांधला: मशीन सुरू झाली की लाल इशारा आणि मेल. मशीन सुरू केली, लाल चिन्ह आले, मेल मात्र आला नाही. इथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. अलार्मने मेल पाठवला की व्हीसेंटर त्याचीही नोंद घटनांच्या यादीत करतो, आणि पाठवणे फसले तर तशीही वेगळी नोंद करतो. आमच्या यादीत मेल पाठवल्याची नोंद स्वच्छ दिसत होती. तिचा अर्थ इतकाच की व्हीसेंटरने आपल्या बाजूने मेल पुढे सोपवला. त्यानंतर तो रिलेवर अडला, स्पॅममध्ये गेला की परत आला, हे त्या नोंदीवरून कळत नाही. रिले सांभाळणाऱ्या सहकाऱ्यासोबत लॉग पाहिल्यावर मेल तिथल्या एका गाळणीत थांबल्याचे दिसले आणि नियमात दुरुस्ती करून घेतली. मेल पाठवल्याची नोंद आणि मेल मिळाल्याची खात्री यांत एवढे अंतर असते, हे पुढच्या सगळ्या चाचण्यांत मी धरून चाललो. चाचणी संपली असे मी तेव्हाच मानले, जेव्हा ज्या व्यक्तीला मेल मिळायचा तिने स्वतः तो मिळाल्याचे सांगितले.

आलेला मेल वाचून पाहणेही गरजेचे होते. त्यात लक्ष्य असलेल्या घटकाचे नाव, आधीची स्थिती, नवी स्थिती, अलार्मची व्याख्या आणि त्या क्षणीचे मोजमाप असते. माहिती पुरेशी आहे, पण ती प्रशासकाच्या भाषेतली आहे. रात्रपाळीत फोन उचलणाऱ्याला 'हिरव्यावरून लाल' एवढे वाचून पुढचे पाऊल सुचत नाही. म्हणून आम्ही व्याख्यांची नावेच अशी ठेवली की मेलच्या विषयातूनच प्रसंग आणि त्या प्रसंगी काय करायचे ते लिहिलेल्या सूचनापत्राचा क्रमांक कळावा, आणि व्याख्येच्या वर्णनात पहिले काय तपासायचे हे एका वाक्यात लिहिले.

आता मुख्य कामाकडे येतो. अलार्मांचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचे स्वभाव इतके वेगळे आहेत की त्यांच्याकडे एकाच नजरेने पाहता येत नाही. पहिला प्रकार स्थितीवर किंवा मोजमापावर चालणारा: वापर अमुक टक्क्यांच्या वर अमुक मिनिटे राहिला की पिवळा, त्याहून वर गेला की लाल, आणि खाली आला की आपोआप हिरवा. दुसरा प्रकार घटनेवर चालणारा: अमुक घटना नोंदली गेली की इशारा. घटना एकदाच घडते, तिला 'खाली येणे' नसते. त्यामुळे व्याख्येत परतीचा नियम दिलेला नसेल, किंवा पूर्ववत झाल्याची घटना काही कारणाने व्हीसेंटरपर्यंत पोहोचलीच नाही, तर तो इशारा कोणी हाताने हिरवा करेपर्यंत लालच राहतो. आठवडेच्या आठवडे दिसणाऱ्या त्या लाल चिन्हांचा उलगडा इथे झाला. त्यांतली बहुतेक जुन्या नेटवर्क केबलच्या किंवा स्विचच्या दुरुस्तीच्या वेळची होती; दुरुस्ती होऊन बराच काळ लोटला होता आणि इशारे मात्र कोणी पुसले नव्हते.

ती चिन्हे हिरवी करण्याआधी मी प्रत्येक होस्टवर जाऊन सध्याची स्थिती पाहिली. हा वेळ मला सत्कारणी लागला असे वाटते, कारण एका होस्टवर नेटवर्कची दुसरी जोडणी खरोखरच बंद होती. जुन्या, निरर्थक झालेल्या लाल चिन्हांच्या रांगेत एक खरे चिन्ह मिसळून गेले होते. तो होस्ट एकाच केबलवर किती काळ चालत होता हे सांगता येईना, कारण व्हीसेंटरमधील घटना ठरावीक काळानंतर पुसल्या जातात, ही मुदत सहसा ३० दिवसांची असते, आणि त्या बिघाडाची मूळ नोंद केव्हाच निघून गेली होती.

त्यानंतर घटनेवर चालणाऱ्या प्रत्येक महत्त्वाच्या अलार्मला परतीचा नियम दिला. नव्या क्लायंटमध्ये अलार्म तयार करताना नाव आणि लक्ष्य, मग इशाऱ्याचा नियम, मग परतीचा नियम आणि शेवटी आढावा, अशा पायऱ्या येतात. परतीच्या नियमाची पायरी ऐच्छिक असल्यामुळे तिथून पुढे सरकण्याचा मोह होतो. नेटवर्कची पर्यायी जोडणी गेल्याच्या घटनेला ती पूर्ववत झाल्याची घटना, स्टोरेजचा मार्ग तुटल्याच्या घटनेला तो परत आल्याची घटना, अशा जोड्या शोधून लावणे हे किचकट काम आहे आणि घाई करून ते होत नाही. दोन्ही घटना घडवून पाहिल्याशिवाय जोडी बरोबर लागली की नाही हे समजत नाही. चाचणीसाठी राखलेल्या होस्टची एक नेटवर्क केबल काढायची, लाल मेल येतो का पाहायचे, केबल परत लावायची, चिन्ह हिरवे होऊन तसा मेल येतो का पाहायचे, असे करत आम्ही पुढे गेलो. स्टोरेजच्या मार्गांबाबतही तेच केले.

मोजमापावर चालणाऱ्या अलार्मांत सर्वांत जास्त विचार करावा लागला तो डेटास्टोअरच्या वापराचा. तयार व्याख्येत ७५ टक्क्यांना पिवळा आणि ८५ टक्क्यांना लाल इशारा असतो. स्टोरेज सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला मी ही मर्यादा दाखवली, तेव्हा त्याने विचारले, "८५ टक्क्यांना मला मेल येईल हे ठीक आहे, पण दहा टीबीच्या डेटास्टोअरवर तेव्हाही दीड टीबी जागा मोकळी असेल. त्या मेलचं मी काय करू?" त्याचा प्रश्न रास्त होता. आणि पाचशे जीबीच्या डेटास्टोअरवर त्याच ८५ टक्क्यांना फक्त ७५ जीबी उरतात, जे एखादा विसरलेला स्नॅपशॉट (मशीनची एका क्षणीची जतन केलेली स्थिती) रातोरात खाऊन टाकू शकतो. एकच टक्केवारी दोन्हीकडे लावणे म्हणजे एकीकडे फुकटची ओरड आणि दुसरीकडे उशिराचा इशारा.

अशा वेळी मोठ्या डेटास्टोअरपुरती मर्यादा बदलावी असे कोणालाही वाटेल, आणि इथेच व्हीसेंटरच्या वारशाचा नियम समजून घ्यावा लागतो. अलार्मची व्याख्या ज्या पातळीवर केलेली असते तिथून ती खालच्या सगळ्या घटकांना लागू होते, आणि ती बदलता येते ती फक्त त्याच मूळ पातळीवर. तयार व्याख्या सर्वांत वरच्या पातळीवर, म्हणजे खुद्द व्हीसेंटरवर असतात. खालच्या एखाद्या डेटास्टोअरवर जाऊन वरून आलेल्या व्याख्येचा आकडा बदलण्याची सोय नाही. तिथे नवी, वेगळी व्याख्या करता येते, पण मग वरची आणि खालची अशा दोन्ही चालतात आणि एकाच प्रसंगाचे दोन इशारे येतात.

आम्ही डेटास्टोअरांची फोल्डरे केली. मोठे, लहान आणि बॅकअपसाठीचे असे तीन गट पाडले, प्रत्येक फोल्डरवर त्याच्यापुरती व्याख्या केली आणि वरची तयार व्याख्या बंद केली. बॅकअपचे डेटास्टोअर ९० टक्क्यांपर्यंत भरणे हे तिथले रोजचेच असते, म्हणून तिथली मर्यादा अगदी वर नेली. या मांडणीत एक धोका आहे आणि तो मी लेखी नोंदवून ठेवला: नवे डेटास्टोअर कोणी फोल्डरबाहेर जोडले तर त्याच्यावर कोणताच अलार्म नसतो. म्हणून वरची व्याख्या पुरती न काढता तिची एक प्रत बरीच वरची मर्यादा देऊन, ९५ टक्क्यांवर, शेवटचा आधार म्हणून चालू ठेवली. एकाच प्रसंगाचे दोन मेल तिथे येऊ शकतात हे खरे, पण ९५ टक्क्यांना दोन मेल आले तर कोणाची हरकत नसावी.

याच विषयातली दुसरी बाजू थिन डिस्कची, म्हणजे लागेल तेवढीच जागा घेत जाणाऱ्या डिस्कची. मशीनला डिस्क ५०० जीबीची दिली आणि ती प्रत्यक्षात १०० जीबीच वापरत असेल, तर वापराचा अलार्म १०० जीबीच मोजतो. असे अनेक वायदे एका डेटास्टोअरवर जमले की एकूण दिलेली जागा प्रत्यक्ष जागेच्या पुढे जाते. त्यासाठी दिलेल्या जागेच्या टक्केवारीवर वेगळा अलार्म लावता येतो. त्याला आम्ही फक्त पिवळी पातळी दिली आणि त्याचा मेल क्षमतेचे नियोजन करणाऱ्यांकडे पाठवला, कारण त्यावर करायची कृती रात्री उठून करण्याची नसते, पुढच्या खरेदीच्या वेळी करण्याची असते.

सीपीयू आणि मेमरी यांबाबत माझे मत कदाचित सर्वांना पटणार नाही. तयार व्याख्येत होस्टचा सीपीयू वापर पाच मिनिटे ७५ टक्क्यांच्या वर राहिला की पिवळा आणि ९० टक्क्यांच्या वर राहिला की लाल इशारा येतो. होस्टसाठी ही मर्यादा मी तशीच ठेवली. व्हर्च्युअल मशीनच्या सीपीयूला मात्र मेल जोडला नाही. रात्रीचे हिशेब करणारी मशीन ९५ टक्के सीपीयू वापरत असेल तर ती आपले काम करते आहे. त्यात बिघाड काहीच नाही. मशीनला सीपीयू हवा असून मिळत नाही, हा खरा बिघाड, आणि तो वापराच्या टक्केवारीत दिसत नाही. तो दिसतो सीपीयूच्या 'रेडी' वेळेत.

हे मोजमाप मिलिसेकंदांत येते आणि म्हणून अनेकजण त्याच्या वाटेला जात नाहीत, पण हिशेब सोपा आहे. ताज्या मोजमापाचा टप्पा २० सेकंदांचा, म्हणजे २०,००० मिलिसेकंदांचा असतो. एका व्हर्च्युअल सीपीयूची रेडी वेळ त्यात १,००० मिलिसेकंद असेल तर त्या सीपीयूने ५ टक्के वेळ नुसती वाट पाहण्यात घालवली. मशीनला चार व्हर्च्युअल सीपीयू असतील तर संपूर्ण मशीनच्या आकड्यात चारही सीपीयूंची बेरीज येते, त्यामुळे तिथे ४,००० मिलिसेकंद म्हणजे सरासरीने तेच ५ टक्के. याचा परिणाम असा की एकच मिलिसेकंदांची मर्यादा दोन सीपीयूच्या आणि सोळा सीपीयूच्या मशीनला लावता येत नाही. आम्ही संवेदनशील डेटाबेस मशीन्सचे वेगळे फोल्डर करून, सगळ्यांचा सीपीयूंचा आकडा सारखा असल्याने, त्यांच्यापुरता हा अलार्म लावला. बाकीच्या मशीन्ससाठी तो लावला नाही, कारण तिथे मर्यादा काय ठेवावी याला पटण्याजोगे उत्तर आमच्याकडे नव्हते.

मेमरीच्या बाबतीत गोंधळ वेगळा आहे. व्हीसेंटरमध्ये मशीनच्या मेमरी वापराची टक्केवारी ही नजीकच्या काळात प्रत्यक्ष हाताळलेल्या मेमरीचा अंदाज असते, तर मशीनच्या आतली ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच्या कॅशसकट भरलेली मेमरी दाखवते. त्यामुळे ॲप्लिकेशन सांभाळणारे ९५ टक्के म्हणतात आणि आमच्या पडद्यावर २० टक्के दिसतात, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. ॲप्लिकेशनच्या मेमरीची देखरेख मशीनच्या आतून व्हावी असे आम्ही त्यांच्याशी बोलून ठरवले. आमच्याकडे ठेवले ते होस्टच्या मेमरीचे इशारे, आणि त्यांत भर दिला तो बलूनिंग आणि स्वॅपिंग सुरू होण्यावर. होस्टची मेमरी ९० टक्के भरलेली असणे चांगल्या नियोजनाचेही लक्षण असू शकते. होस्ट मशीन्सकडून मेमरी परत मागू लागला किंवा डिस्कवर टाकू लागला, तर तो ताण आहे यात शंका उरत नाही.

होस्टचा संपर्क तुटल्याचा अलार्म सर्वांत महत्त्वाचा, त्यामुळे त्याचे लाल मेल थेट ऑन-कॉल गटाच्या पत्त्यावर गेले. एखाद्या व्यक्तीचा पत्ता कुठल्याच कृतीत टाकायचा नाही हा नियम आम्ही पहिल्यापासून पाळला, कारण माणसे रजेवर जातात, नोकऱ्या बदलतात, आणि अलार्ममधला पत्ता मागे राहतो. या अलार्मच्या चाचणीत एक जुना प्रश्नही सुटला. एका ठिकाणचे होस्ट मधूनमधून 'प्रतिसाद देत नाही' असे दाखवत आणि थोड्या वेळाने आपोआप पूर्ववत होत. त्यांवरची मशीन्स मात्र पूर्ण वेळ व्यवस्थित चालू असत. प्रत्येक होस्ट व्हीसेंटरला दर १० सेकंदांनी यूडीपी ९०२ या पोर्टवर हार्टबीट (आपण चालू असल्याचा छोटा संदेश) पाठवतो, आणि ६० सेकंदांत एकही हार्टबीट पोहोचला नाही तर व्हीसेंटर त्या होस्टला प्रतिसाद न देणारा ठरवतो. मधल्या फायरवॉलवर टीसीपी ९०२ उघडे होते, यूडीपीचा नियम अपुरा होता. तो दुरुस्त झाल्यावर ते लपंडाव थांबले. अलार्मला मेल जोडला नसता तर हे मधूनमधून येणारे लाल क्षण कोणाच्या लक्षात आले असते असे मला वाटत नाही.

या अलार्मला आम्ही पूर्ववत झाल्याचा मेलही जोडला. स्क्रिप्टने मेलची कृती जोडली की ती मूलतः फक्त पिवळ्यावरून लालवर जाताना चालते; परतीच्या टप्प्यांसाठी वेगळे ट्रिगर जोडावे लागतात. रात्री जागे झालेल्या माणसाला होस्ट परत आला हेही कळायला हवे. पुन्हा पुन्हा मेल पाठवण्याची सोय, जी मूलतः दर ५ मिनिटांची असते, ती फक्त याच अलार्मला दिली आणि तिचा अवधी वाढवला. त्यासोबत सर्वांना एक गोष्ट शिकवावी लागली: इशाऱ्याची दखल घेतल्याचे क्लायंटमध्ये नोंदवले की पुन्हा येणारे मेल थांबतात, पण इशारा लालच राहतो, आणि दखल कोणी घेतली हे नावासकट दिसते. मोठ्या गटात काम करताना याचा फार उपयोग होतो. दोन माणसे एकाच होस्टच्या मागे लागत नाहीत.

देखभालीच्या वेळी अलार्मच्या कृती बंद ठेवण्याची सोयही आहे, पण तिची मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. ज्या घटकावर कृती बंद कराल तेवढ्याच घटकाच्या कृती थांबतात, त्याच्या खालच्या घटकांच्या चालूच राहतात. क्लस्टरवर, म्हणजे होस्टांच्या गटावर, बंद करून निर्धास्त झाले आणि होस्टांचे मेल येतच राहिले, असे होऊ शकते. आम्ही देखभालीच्या कामाच्या यादीतच होस्टनिहाय बंद करण्याची आणि काम संपल्यावर पुन्हा चालू करण्याची पायरी घातली. चालू करायचे राहून गेलेले होस्ट शोधणारी एक छोटी स्क्रिप्ट रोज सकाळी चालते.

स्नॅपशॉटच्या आकारावर अलार्म आम्ही नव्याने बांधला. स्नॅपशॉट किती दिवसांचा आहे हे अलार्मला विचारता येत नाही, फक्त आकार विचारता येतो, म्हणून जुन्या स्नॅपशॉटांचा अहवाल पॉवर-सीएलआयने वेगळा काढतो. एसएनएमपी ट्रॅप (देखरेख यंत्रणांना समजणारे छोटे इशारा-संदेश) आमच्या मध्यवर्ती देखरेख यंत्रणेकडे पाठवले. व्हीसेंटरमध्ये चार प्राप्तकर्ते देता येतात. ट्रॅप यूडीपीवरून जात असल्यामुळे ते मिळाल्याची पोच नसते, म्हणून लाल इशाऱ्यांसाठी फक्त त्यांच्यावर विसंबलो नाही.

उरला तो खुद्द व्हीसेंटर. त्याच्या प्रमाणपत्रांची मुदत संपायला ३० दिवस राहिले की अलार्म येतो. आमच्याकडे प्रमाणपत्र बदलण्याची मंजुरी मिळायलाच बराच काळ जातो, म्हणून प्रगत सेटिंग्जमध्ये ही मर्यादा वाढवून घेतली. त्याच्या डिस्कच्या विभाजनांवर, विशेषतः डेटाबेस, लॉग आणि घटनांच्या साठ्यावर, लाल इशारे ठेवले. अर्काइव्हचे विभाजन मात्र जवळजवळ भरलेले असणे हे रचनेतच धरलेले आहे, हे सूचनापत्रात ठळकपणे लिहावे लागले, नाहीतर प्रत्येक नवा सहकारी ते पाहून घाबरतो आणि तिथल्या फायली पुसायला निघतो.

पण व्हीसेंटरच बंद पडला तर अलार्मांचे मूल्यमापनही थांबते आणि मेलही. होस्टांवरची एचए यंत्रणा (होस्ट बंद पडल्यास त्याच्यावरची मशीन्स दुसरीकडे सुरू करणारी) तेव्हाही मशीन्स सांभाळते, परंतु सांगणारे कोणी उरत नाही. म्हणून बाहेरच्या देखरेख यंत्रणेतून पोर्ट ४४३ (क्लायंटचे पान) आणि ५४८० (सर्व्हरच्या व्यवस्थापनाचे पान) तपासण्याची व्यवस्था केली. तीही पुरेशी वाटेना, कारण पान उघडते पण मेल जात नाहीत, ही स्थिती आम्ही पहिल्याच चाचणीत पाहिली होती. तेव्हा ती चाचणीची लहान मशीन आम्ही काढून टाकली नाही. व्हीसेंटरमधील नियोजित कामाने ती रोज सकाळी सुरू होते, तिच्या सुरू होण्याच्या घटनेवर अलार्म लाल होतो आणि मेल एका राखीव मेलपेटीत जातो. थोड्या वेळाने दुसरे नियोजित काम ती बंद करते आणि बंद होण्याच्या घटनेवर लावलेला परतीचा नियम अलार्म हिरवा करतो. हा परतीचा नियम नसता तर अलार्म पहिल्या दिवशी लाल होऊन तसाच राहिला असता आणि दुसऱ्या दिवसापासून मेल आला नसता. बाहेरची यंत्रणा ती मेलपेटी पाहते, आणि ठरलेल्या वेळेपर्यंत त्या दिवसाचा मेल दिसला नाही तर वेगळ्या मार्गाने, व्हीसेंटरचा किंवा त्याच्या मेल रिलेचा आधार न घेता, ऑन-कॉल गटाला फोन लावते. त्या फोनवर करायच्या तपासणीचा क्रमही लिहून ठेवला आहे: आधी मशीन सुरू झाली का, मग अलार्म लाल झाला का, मग घटनांच्या यादीत मेल पाठवल्याची नोंद आहे का, आणि ती असेल तर रिलेचे लॉग.